चौदा ऑगस्टची पेशी

शालन शिरतोडे यांच्या उजव्या गालातला कॅन्सर १४ ऑगस्ट २०२७ रोजी सुरू झाला, असे निरंतर आरोग्य विमा कंपनीच्या पत्रात लिहिले होते. तारखेपुढे 'अंदाजे' हा शब्द नव्हता. पॉलिसी सुरू झाली होती ९ जून २०३१ रोजी. म्हणजे आजार विम्यापेक्षा जवळजवळ चार वर्षांनी मोठा. शिवाय अर्जात तंबाखूचे सेवन लपवलेले. सबब दावा नामंजूर.

पत्र तासगावला पोचले ते १८ फेब्रुवारी २०३८ रोजी, गुरुवारी. मिरजेत शस्त्रक्रिया ठरली होती सोमवारी.

शालनचे पती तानाजी बेदाण्याचा टेम्पो चालवत. ते पत्र घेऊन थेट वैजयंता माळी यांच्याकडे गेले, कारण विमा त्यांनी विकला होता. घराची पुढची खोली हेच वैजयंताचे ऑफिस.

"ताई, वाचा. मोठ्यानं वाचा, म्हणजे गल्लीला कळंल."

वैजयंताने मोठ्याने वाचले नाही. मनात दोनदा वाचले.

"ही तारीख कुठनं काढली त्यांनी?"

"मला इचारताय? त्या दिवशी मी सवता कुठं हुतो ते मला ठाऊक न्हाई. शालनच्या गालात काय चाललंवतं ते मात्र मशीनला ठाऊक!" तानाजी खुर्ची समोर असून उभेच होते. "मी म्हणलो हुतो का न्हाई? हप्ता घ्यायला उंबऱ्यापातुर येत्यात, द्यायची येळ आली की कलम दावत्यात. तवा तुम्ही काय म्हणला? तानाजीभाऊ, टेम्पोला स्टेपनी ठेवता, पंक्चर झाली न्हाई म्हणून स्टेपनीचं पैसं वाया गेलं म्हणता का?"

"म्हणाले होते."

"झाली की पंक्चर. काढा स्टेपनी."

वैजयंता एक्कावन्न वर्षांची. अकरा वर्षे हेच काम करत होती. दोनशे बारा घरांचे विमे तिच्या हातून झाले होते. त्यांपैकी एक्केचाळीस घरांत दावा करायची वेळ आली आणि एकोणचाळीस दावे मंजूर झाले. हे आकडे तिला पाठ होते, कारण दारोदार तेच तिचे उत्तर होते. 'आम्हाला काय धाड भरलीय?' म्हणणाऱ्याला ती माळवाडीच्या शिक्षकाचे नाव सांगायची, जो धाप लागली म्हणून दाखवायला गेला आणि हृदयाच्या तीन नळ्या बंद निघाल्या. 'आजारीच पडलो नाही तर?' म्हणणाऱ्याला स्टेपनी. 'शेवटी देत नाहीत,' म्हणणाऱ्याला एकोणचाळीस घरांचे पत्ते. हे सगळे ती पोटासाठी बोलत होती, पण खोटे म्हणून बोलत नव्हती.

तिने तानाजींना नियम सांगितला. सलग पाच वर्षे हप्ते भरले, की कंपनीला जुन्या आजाराचे कारण पुढे करता येत नाही. अपवाद एकच, फसवणूक.

"आम्ही फसवलं?" तानाजींनी विचारले.

"नाही."

"मग सोमवारी ऑपरेशन हुतंय म्हणा की."

"बघते," वैजयंता म्हणाली. अकरा वर्षांत हा शब्द तिने ग्राहकासमोर टाळला होता.

*

मिरजेचे डॉ. अफरोज मुजावर शालनवर शस्त्रक्रिया करणार होते. वैजयंताने पत्र पुढे केले. तारीख पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तुमच्या घरी हेळवी येतो का अजून?"

"पूर्वी बैलावर बसून यायचा, वंशावळ वाचायचा. आता मुलगा मोबाइलवर पाठवतो आणि दक्षिणा पण मोबाइलवरच मागतो."

"समजा, त्या हेळव्याने तीस माळी घरांच्या वंशावळी शेजारी शेजारी मांडल्या. तिसांमध्ये जी नावं सारखी आहेत ते वाटणीआधीचे पूर्वज. जी एकाच घरात आहेत ती वाटणीनंतरची. गाठीतल्या सगळ्या पेशी एकाच बिघडलेल्या पेशीच्या लेकी असतात. पेशी दुभंगताना आपल्या आतल्या मजकुराची नक्कल करते, आणि नकलेत थोड्या चुका राहतात. दरवर्षी साधारण ठरावीक. सगळ्या लेकींमध्ये ज्या चुका सारख्या, त्या पहिल्या पेशीच्या. त्या मोजल्या की ती पेशी केव्हा वेगळ्या वाटेला लागली ते कळतं. ही उगमतारीख चाचणी. दाव्यासोबत गाठीचा तुकडा मागतात तो यासाठीच."

"दिवससुद्धा कळतो?"

"दिवस नाही. मी पाहिलेल्या एकाही अहवालात वर्षसुद्धा नेमकं नसतं. मशीन दोन टोकं देतं आणि मधला आकडा देतं. इथं कोणीतरी टोकं खोडून मधला छापलाय." डॉक्टरांनी पत्र उलटे ठेवले. "ही चाचणी तयार होत होती तेव्हा मी माझ्या चाळीस पेशंटांना विचारून त्यांच्या गाठींचे तुकडे दिले होते. त्यांना सांगितलं होतं, तुमचं झालं ते झालं, पुढच्यांना लवकर कळेल. त्यातले एकोणतीस आता नाहीत. त्यांच्या गाठींवर हे लोक शिकले, आणि कशासाठी वापरतात तर पत्र पाठवायला."

"पण आजार आधीचा होता हे तर खरं ना, डॉक्टर?"

"ताई, बिघडलेल्या पेशी आत्ता तुमच्यात आहेत, माझ्यातही आहेत. बहुतेक मरून जातात. काही रोगांची पहिली चूक आईच्या पोटात होते आणि साठाव्या वर्षी कळते. उगम म्हणजेच आजार, असं धरलं तर विमा जन्माच्या आधी काढावा लागेल."

त्यांनी स्वतःची फी सोडली. पण भूल, अतिदक्षता, गाल नव्याने बांधणारा दुसरा सर्जन, यांच्यासाठी विमा कंपनीचे हमीपत्र हवे होते आणि ते आता नव्हते. सरकारी रुग्णालयात दहा आठवड्यांची यादी होती. दहा आठवडे गाठ थांबणार नव्हती. सोमवारची वेळ दुसऱ्या रुग्णाला गेली. तानाजींनी टेम्पोला गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली.

*

कंपनीच्या सांगली कार्यालयात दावे पाहणारे अधिकारी ऋत्विक सबनीस अतिशय नम्रपणे बोलत. त्यांनी वैजयंतासाठी आधी पाणी मागवले.

"पाच वर्षांचा नियम आम्ही मानतोच, ताई. प्रश्न फसवणुकीचा आहे. तंबाखूमुळे पेशीत होणाऱ्या चुकांची ठेवण वेगळी असते, माणसाच्या हस्ताक्षरासारखी. ती यांच्या गाठीत स्पष्ट आहे. अर्जात मात्र तंबाखूपुढे 'नाही'. आणि अर्ज तुम्ही भरलाय."

"शालन तंबाखू खात नाही. वीस वर्षं ओळखते मी तिला."

"मग मशीनचं काही वैर आहे का त्यांच्याशी?"

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर चार वाक्ये होती. मी अर्जदारास तंबाखूविषयी प्रश्न विचारला. अर्जदाराने 'नाही' असे सांगितले. मी तसे नोंदवले. अर्जदाराच्या सवयींविषयी मला अन्य माहिती नव्हती.

"यातलं एक तरी वाक्य खोटं आहे का, सांगा."

वैजयंताने चारही वाक्ये पाहिली. तिला एकही खोटे सापडले नाही, आणि तरी तिचा हात पेनाकडे गेला नाही.

"सही केलीत तर विषय इथंच मिटतो. नाही केलीत तर तुम्ही भरलेले सगळे अर्ज आम्हाला काढावे लागतील. दोनशे बारा ना?"

"उगमतारखेचा पूर्ण अहवाल द्या. नियमाप्रमाणे द्यावा लागतो."

"चौदा पानं आहेत. तुम्हाला त्यात वाचण्यासारखं काही नाही."

"द्या तरी."

पाने तिने तिथूनच फोनवरून डॉ. मुजावरांना पाठवली आणि तासगावची बस पकडली.

*

शालन पलंगावर बसली होती. गालाला ओला पंचा. बोलताना अर्धेच तोंड हलत होते.

"शालन, एकदा खरं सांग. तंबाखू कधी खाल्लीस?"

शालनच्या डोळ्यांत आधी राग आला, मग पाणी. "मी काय बाप्या हाय का गं, तंबाखू खायला? आमच्या ह्यांनी खाल्ली तर मी पुडी चुलीत टाकती. तुला ठाऊक न्हाई?"

"ठाऊक आहे. म्हणून तर..."

"सकाळी दात घासती तेवढंच. आन जेवल्यावर."

खिडकीत एक पत्र्याची डबी होती. वैजयंताने ती वीस वर्षांत शेकडो वेळा पाहिली असेल. तशीच एक तिच्या पर्समध्येही होती. आत मिसरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, बोटावर घेऊन दातांवर फिरवायची. आई लावत होती, सासू लावत होती, वैजयंता स्वतः तीस वर्षे लावत होती. चुना लावून पुरुष मळतात ती तंबाखू. बायका लावतात ते दंतमंजन. हा फरक कोणी कोणाला शिकवला नव्हता आणि कोणाला शंकाही आली नव्हती.

मग तिला जून २०३१ मधली ती दुपार आठवली. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची शेड. निवडणीचे काम थांबवून, जेवून, बायका भिंतीला टेकल्या होत्या. डबी एका हातातून दुसऱ्या हातात जात होती. वैजयंता मध्ये बसून उजव्या हाताने टॅबवर अर्ज भरत होती आणि डाव्या हाताचे बोट तिच्या स्वतःच्या दातांवर फिरत होते. तंबाखू? न्हाई. पुढची. तंबाखू? न्हाई गं बाई. बोटे तोंडात असल्याने शब्द नीट उमटत नव्हते. शालन धरून त्रेसष्ट बायका, त्रेसष्ट वेळा 'नाही'. एकीलाही हसू आले नाही, कारण एकही खोटे बोलत नव्हती. प्रश्नाखाली सिगारेट, विडी, गुटखा, पान अशी यादी होती. ती करणाऱ्याने कधी बायकांना जेवल्यावर भिंतीला टेकलेले पाहिले नसावे.

"काय झालं गं?" शालनने विचारले.

"चूक माझी आहे," वैजयंता म्हणाली.

पण हे तसेच्या तसे लिहून देणे सोपे नव्हते. सगळ्यांचीच तशी समजूत होती, शालनने काही लपवले नाही, असे ती लिहिणार होती. म्हणजे शेडमधल्या बाकीच्या बायकाही मिसरी लावतात, हे तिच्याच सहीने कंपनीच्या हातात जाणार होते. एकीचा दावा वाचवायला बाकीच्या सगळ्यांच्या पॉलिसी पणाला. त्यांना न विचारता हे करायचा तिला हक्क नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती शेडवर गेली आणि काही न वगळता सगळे सांगितले.

"म्हणजे मिसरी ही तंबाखू?" सिंधू हजारे यांनी विचारले. त्या पंचावन्नच्या, शेडमध्ये सगळ्यांत जुन्या.

"तंबाखूच की. भाजलेली."

"मग जोंधळा भाजला की भाकरी हुती. तिला कोण जोंधळा म्हणतंय गं?"

बायका हसल्या आणि लगेच थांबल्या. शालनची जागा मोकळी होती.

"वैजू, माझं नाव घालू नगोस," सिंधू म्हणाल्या. "शालनसाठी मी उपास धरीन, पैसं दीन. पर ह्यांचं डायलिसिस ह्याच इम्यावर चाललंय, आठवड्याला तीन डाव. पॉलिसी गेली तर मी काय त्यांचं रगात घरी धुणार हाय?"

मग कावेरी कोष्टी, बायकांमध्ये सगळ्यांत लहान, म्हणाली, "मावशी, उद्या तुमच्या गालात गाठ आली तर हेच पत्र येणार. निस्तं नाव बदलून."

"तुला काय जातंय बोलायला? तू मिसरी लावत न्हाईस. तुझा हप्तासुदीक वाढला न्हाई त्या वर्षी."

"कुठल्या वर्षी?" वैजयंताने विचारले.

"तेहतीस साली. समद्यांचा वाढला, ह्या कावेरीचा आन लताचा सोडून. मी तुला तवाच इचारलं हुतं. तू म्हणलीस, कंपनीचं कायतरी असंल."

ती तसे म्हणाली होती. वैजयंताने सगळ्यांना फोन काढायला लावले आणि २०३३ ची नूतनीकरणाची नोटीस उघडायला सांगितली. हप्त्यात चौदा टक्के वाढ होती. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिले होते, जोखीम गट त-२. शेडमध्ये बासष्ट बायका होत्या. साठ फोनांवर त-२ होते. कावेरी आणि लता यांच्या नोटिशीत तो कोपरा रिकामा होता. आणि मिसरी न लावणाऱ्या शेडमध्ये दोघीच होत्या.

"त म्हंजे?" कोणीतरी विचारले. उत्तर द्यायची गरज पडली नाही.

"पर त्यांना कळलं कसं? आपुन तर न्हाई म्हणून लिवलंवतं."

वैजयंताचा फोन वाजला. डॉ. मुजावर होते. तिने आवाज मोठा केला.

"ताई, अकरावं पान. दोन टोकं इतकी जवळ आणायची तर गाठीबरोबर त्याच माणसाच्या जुन्या पेशीही लागतात, शेजारी ठेवून ताडून पाहायला. माझा प्रश्न होता, यांना शालनबाईंच्या जुन्या पेशी मिळाल्या कुठून? तर तळटीप आहे. संदर्भ नमुने, लाळ, २०३२ ते २०३७. सहा."

सगळ्यांना एकदमच आठवले. दर जानेवारीत कंपनीची पांढरी गाडी शेडवर यायची. 'निरोगी ग्राहक सप्ताह'. प्रत्येकीने कुपीत थुंकायचे आणि हप्त्यात दोनशे रुपये सूट घ्यायची. थुंकीचे पैसे मिळतात म्हणून थट्टा व्हायची.

"लाळेत गालातल्या पेशी उतरतात," डॉक्टर सांगत होते. "तंबाखूची ठेवण पहिल्याच नमुन्यात आहे. म्हणजे बत्तीस सालापासून यांना माहीत होतं. आणि..." ते थांबले. "बाराव्या पानावर आलेख आहे. बिघडलेल्या पेशींचा अंश २०३५ च्या नमुन्यात पहिल्यांदा दिसतो. तीन वर्षांपूर्वी. तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी गालातला नखाएवढा तुकडा काढला असता. चार टाके. संध्याकाळी घरी."

फोन बंद झाला.

"लिव्ह," सिंधू हजारे म्हणाल्या. "माझं नाव पयलं लिव्ह."

"सिंधूमावशी, डायलिसिस?"

"त्यांना सा वर्षं ठाऊक हाय की गं! तंबाखूचा हप्ता घेत्यात आपल्याकडनं. मग आपुन कुणापासनं लपवायलोय?"

त्या दिवशी वैजयंताने सबनीसांच्या चार वाक्यांखाली आपली वाक्ये लिहिली. 'वरील वाक्ये खरी आहेत आणि अपुरी आहेत. मी तंबाखू विचारली, मिसरी विचारली नाही. प्रश्न विचारताना मी स्वतः मिसरी लावत होते. अर्जदाराने मला फसवले नाही. मीच तिला नीट विचारले नाही.' खाली सही केली. त्याला साठ बायकांचे अर्ज जोडले. प्रत्येकीने आपल्या अक्षरात लिहिले होते की मी मिसरी लावते, आणि कंपनीने काय करायचे ते मी धडधाकट असताना करावे.

*

शालनच्या तक्रारीवर आरोग्य-दावा लवादाची सुनावणी ९ मार्चला कोल्हापुरात झाली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश उज्ज्वला प्रभावळकर. शालनही आली होती. आदल्या आठवड्याच्या स्कॅनमध्ये गाठ जबड्याच्या हाडापर्यंत पोचली होती. डॉ. मुजावर यांनी शपथेवर सांगितले, "बावीस फेब्रुवारीला शस्त्रक्रिया झाली असती तर हाड नक्की वाचलं असतं, असं मी म्हणणार नाही. वाचण्याची शक्यता आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त होती, एवढं म्हणेन."

सबनीसांनी नम्रपणे बाजू मांडली. अर्जात 'नाही' लिहिले होते. चाचणी 'हो' म्हणते. कंपनी चाचणीवर विश्वास ठेवते.

"कधीपासून ठेवते?" प्रभावळकरांनी विचारले.

"म्हणजे?"

"२०३३ मध्ये यांचा हप्ता चौदा टक्क्यांनी वाढवलात. कशाबद्दल?"

"जोखीम गटानुसार."

"गट कशाचा?"

सबनीसांनी समोरच्या स्क्रीनवर बराच वेळ काहीतरी शोधले. "तंबाखूचा."

"तंबाखूचा जादा हप्ता पाच वर्षं घेतलात, आणि आज म्हणता तंबाखू लपवली?"

"हप्ता ठरवणारा विभाग आणि दावे पाहणारा विभाग वेगळे आहेत, मॅडम. दोघांची माहिती एकमेकांना दिसत नाही. ग्राहकांच्याच गोपनीयतेसाठी तशी रचना आहे."

मागच्या बाकावरून तानाजी बोलले, "म्हणजे घेणारा हात येगळा आन देणारा हात येगळा. तोंड तेवढं एकच." त्यांना गप्प बसायला सांगण्यात आले. ते गप्प बसले.

मग शालन उठली. तिने गालावरचा पंचा काढला. शब्द जोडायला तिला वेळ लागत होता आणि कोणी घाई केली नाही.

"साहेब, पस्तीस सालीच तुम्हाला दिसलं. मग मला का न्हाई सांगितलं?"

सबनीसांनी तिच्याकडे न पाहता उत्तर दिले. ते कार्यवृत्तात शब्दशः नोंदले आहे. "ग्राहकास वैद्यकीय सल्ला देण्याचा परवाना कंपनीकडे नाही."

निकाल अडीच पानांचा होता. दावा मंजूर, रक्कम अठ्ठेचाळीस तासांत. निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात प्रभावळकरांनी लिहिले की कोणाला काय होईल हे दोन्ही बाजूंना माहीत नसते, म्हणून विमा असतो. एका बाजूला कळले, तिने ते दाबून ठेवले आणि हप्ता घेत राहिली, तर त्या व्यवहाराला विमा म्हणता येत नाही. त्याला काय म्हणावे हे ठरवणे लवादाच्या अधिकारात येत नाही.

बारा मार्चला शस्त्रक्रिया झाली. नऊ तास लागले. उजव्या बाजूचा खालचा जबडा काढला आणि पायाचे हाड घेऊन नवा बांधला. शालन वाचली. तिचे बोलणे समजायला तानाजींना अजून दोन-दोनदा विचारावे लागते. टेम्पो विकला गेला नाही.

*

कंपनीने निकालाविरुद्ध अपील केले नाही. तिने तीन पत्रे काढली. पहिल्याने वैजयंता माळी यांची एजन्सी 'अर्ज भरताना झालेल्या गंभीर हलगर्जीपणामुळे' रद्द झाली. दुसऱ्याने तंबाखूच्या प्रश्नाखालच्या यादीत मिसरी हा शब्द आला. तिसरे सगळ्या ग्राहकांना होते. ग्राहकांच्या सोयीसाठी लाळ-तपासणी बंद करण्यात येत आहे. साठवलेले सर्व नमुने व त्यांचे अहवाल गोपनीयतेच्या हिताकरिता ३० एप्रिल रोजी नष्ट करण्यात येतील.

पुढच्या वेळी कोणी विचारले की तुम्हाला कधीपासून माहीत होते, तर उत्तर खरे असावे, 'माहीत नव्हते', याची ही तयारी होती. जे मशीन माणसाला तीन वर्षे आधी सावध करू शकत होते, त्याचे डोळे कंपनीने फोडून टाकले, आणि ते पूर्णपणे कायदेशीर होते.

वैजयंताकडे आता विकायला पॉलिसी नव्हती आणि मोकळा वेळ भरपूर होता. ग्राहकाला स्वतःचा अहवाल मागता येतो आणि मागितलेला अहवाल दिल्याखेरीज नष्ट करता येत नाही, हे कलम तिला माहीत होते. अर्जाचा नमुना तिने स्वतः लिहिला. शेडमधल्या बासष्ट बायकांचे, मग आपल्या दोनशे बारा घरांपैकी जी घरे दार उघडत होती त्यांचे अर्ज तिने भरले. काही घरांनी दार उघडले नाही. काहींनी सुनावले, "ताई, आधी विमा विकलासा, आता हे काय इकताय?" ती म्हणाली, "पॉलिसी बंद करू नका. हप्ता भरा. आणि आपली माहिती मागून घ्या. तिचे पैसे तुम्ही आधीच दिलेत." २७ एप्रिलपर्यंत तिने तीनशे चार अर्ज सांगलीला नेऊन दिले आणि प्रत्येकाची पोच घेतली. सबनीसांनी यावेळीही पाणी मागवले. तिने प्यायले नाही.

अहवाल मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आले. शेडमधल्या बासष्टपैकी एकोणसाठ निर्मळ होते. तिघींच्या अहवालात तळाशी एक जादा ओळ होती. डॉ. मुजावर यांनी तिघींना त्याच दिवशी बोलावले.

वैजयंता शेडवर पोचली तेव्हा हंगाम सरत आला होता. सिंधू हजारे चाळणीसमोर बसल्या होत्या. बोटे आपोआप चालत होती, काडी बाजूला, दाणा पुढे.

"माझा आला?"

"आला."

सिंधूंनी हात पदराला पुसून कागद घेतला. त्यांना वाचायला वेळ लागला. शेजारच्या बायकांची बोटे थांबली.

"हे काय लिवलंय? पहिली खूण, नमुना २०३६."

"म्हणजे तेव्हा पहिल्यांदा दिसलं त्यांना. अजून बारीक आहे, मावशी. डॉक्टर म्हणाले, चार टाके."

"छत्तीस. म्हंजे दोन वर्षं."

"हो."

"दोन वर्षं मी थुकायला रांगेत हुभी ऱ्हायली, आन ह्यांनी बघून फाईल मिटली."

"हो."

सिंधूंनी कागदाची घडी घातली. पुढ्यातली अर्धी चाळण त्यांनी कावेरीकडे सरकवली, डोक्याचा रुमाल सोडून झटकला आणि उभ्या राहिल्या.

"बाकीच्या दोघी कोण?"

वैजयंताने नावे सांगितली.

"बोलाव त्यांनाबी. मिरजेची गाडी दीडची हाय," सिंधू म्हणाल्या. "आधी टाकं घालून घेऊ. मग सांगलीला जाऊन त्या साहेबाला इचारू, त्येचा परवाना कुठं हाय ते."